पाचव्या डब्यातलं रीळ

१

बुधवारी सकाळी चेलनाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच फोन कानाला लावला.

"अक्का, डबा जागेवर आहे. आतलं रीळ गेलंय."

कसलं रीळ, ते मला विचारावं लागलं नाही. 'परक्या दारची जाई' हा सिनेमा माझ्या वयाच्या जवळजवळ प्रत्येक खान्देशी बाईने पाहिलेला आहे, तंबूत किंवा टॉकीजमध्ये, आणि ती पदर ओला करून घरी गेलेली आहे. जाई नावाची अनाथ पोर. तिला घरी आणून वाढवणारे दादासाहेब. पोरीवर चोरीचा खोटा आळ येतो, ती घराबाहेर पडते, दादासाहेब आंधळे होतात आणि शेवटी नुसत्या हाताच्या स्पर्शाने तिला ओळखतात. मधे एक अंगाई आहे. ती अजून लोक गुणगुणतात.

चेलनाचे आजोबा प्रेमराज शेठ जळगावचे कापसाचे व्यापारी. त्यांनी आयुष्यात हा एकच सिनेमा काढला. जाईचं काम करणारी नऊ वर्षांची मुलगी खरोखरच अनाथ होती, आणि शेठनी तिला स्वतःच्या घरात वाढवलं. हे पोस्टरवरच छापलेलं होतं, 'पडद्यावरची पोरकी, प्रत्यक्षातलीही पोरकी', त्यामुळे सगळ्यांना पाठ होतं.

शेठच्या जन्मशताब्दीनिमित्त रविवारी चार वाजता मेहरूणच्या सभागृहात खेळ ठेवला होता. सिनेमाची एकच प्रत उरलेली. चौदा रिळं, चौदा डबे. आता तेरा रिळं.

"पोलिसांत गेलीस?"

"गेले तर रविवारी सिनेमाऐवजी पंचनामा दाखवावा लागेल. तुम्ही या ना."

मी पोलीस नाही, वकीलही नाही. मी प्रमिला सोनार, धुळ्याच्या कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचे, मी उतरवून घ्यायची. चेलनाने वकिलीला सुरुवात तिथेच केली, म्हणून माझी खोड तिला माहीत. माणूस काय म्हणाला ते बाकीचे ऐकतात. तो कोणत्या शब्दांत म्हणाला ते माझ्या वहीत राहतं.

तवा उतरवला आणि साडेनऊची बस धरली.

२

जळगावच्या दाणा बाजारात शेठच्या पेढीच्या मागे एक खोली होती. आत शिरताच सिरक्यासारखा आंबट वास आला. जुनी फिल्म अशीच वास मारते, सुपडूभाऊ म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस उभा जन्म टॉकीजच्या मशीनवर राहिलेला. चेलनाने त्यांना हुडकून आणलं होतं. रोज थोडी थोडी रिळं काढून ते साफ करत होते.

"चार डबा झाल्यात," ते म्हणाले. "झाल्यावर झाकणवर खडूनी खूण करस मी. काल पाचवा घेवाना व्हता. आज उघाडा, तर रिकामा."

डबे फळीवर ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर आकडा आणि प्रसंग लिहिलेली चिठ्ठी. पहिल्या चारांवर खडूची खूण. बाकीच्यांवर पन्नास वर्षांची धूळ. फक्त पाचव्याच्या झाकणावर धूळ नव्हती, आणि नवव्याच्याही.

"नवव्याला हात लावलात?"

"नाही. पाचवाच व्हयना नाही, तर नववाले कशाले लावू?"

मी वहीत लिहून घेतलं. खोलीला कुलूप होतं, किल्ली सुपडूभाऊंच्या करगोट्याला. काल, मंगळवारी, दुपारी एक ते दीड या वेळात ते जेवायला गेले तेव्हा खोली उघडीच होती, कारण पाहुणे बसलेले होते. तिघं जण. चेलनाचे काका लखीचंद शेठ. नाशिकहून आलेला ललित, जुन्या सिनेमांच्या प्रती जमवणारा. आणि कोकिळाबाई.

कोकिळाबाई म्हणजेच जाई. आता अडुसष्ट वर्षांच्या, धुळ्यात देवपूरला राहतात. रविवारच्या मानाच्या पाहुण्या त्याच.

"कोण कुठे होतं?"

"लखीचंद शेठ दारमा उभा. माले सांगी राहिंता, सिनेमा लांबस, जिनिंगना भाग कापी टाक. ललितभाऊ डबा मोजी राहिंता. कोकिळाबाई खिडकीपान खुर्चीवर बसेल व्हती, शाल पिशवीमा ठेयी राहिंती."

"आणि तुम्ही परत आलात तेव्हा?"

"कोणीच नव्हतं."

चेलना माझ्या कानाशी म्हणाली, "पाचवं रीळ म्हणजे अंगाईचं, अक्का. त्या गाण्यासाठीच लोक येणार आहेत."

३

ललितला त्याच्या लॉजवर गाठलं. सडपातळ, चाळिशीचा, चहा पिताना कप दोन्ही हातांनी धरणारा.

"संशय माझ्यावर येणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "त्या अंगाईसाठी मी तीन वर्षं या घराच्या मागे लागलोय. पण मला अख्खा सिनेमा हवा. सगळी रिळं एकत्र राहिली तर तो वाचतो. एक रीळ उचलून नेणं म्हणजे पोथीचं पान फाडणं."

"दीड वाजता कुठे होतात?"

"लखीचंद शेठबरोबर बाहेर पडलो. त्यांना रिक्षात बसवलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पायरी दिसत नव्हती."

"मग मागे कोकिळाबाई राहिल्या."

"त्या म्हणाल्या, मी पाच मिनिटं बसते."

लखीचंद शेठ घरी भेटले. एकाहत्तर वर्षांचे, डोळ्यांवर हिरवा चष्मा, समोर रविवारच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. वरचीच त्यांनी माझ्याकडे सरकवली. 'अनाथ बालिकेला पित्याची माया देणारे स्व. प्रेमराज शेठ.'

"पाचवं गेलं म्हणता? मग गाणंच गेलं," ते म्हणाले. "तो नाशिकवाला. दुसरं कोण? बाई, रविवारी मला वडिलांच्या तसबिरीला हार घालायचाय. तेवढं नीट पार पडू द्या."

संध्याकाळच्या बसने मी धुळ्याला परतले आणि गुरुवारी सकाळी देवपूरला गेले.

कोकिळाबाईंचं घर दोन खोल्यांचं, लख्ख पुसलेलं. नवरा शिंदखेड्याला शिक्षक होता, तो वारून सहा वर्षं झालेली. भिंतीवर त्याचा फोटो, मुलीच्या लग्नाचा फोटो. सिनेमाचा एकही नाही.

"पाचव्या डब्यातलं रीळ गेलं," मी सांगितलं. "रविवारचं कसं होणार, चेलना काळजीत आहे."

त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "काळजी कशाची, ताई? लोक अंगाई ऐकायला येतात. येतील, ऐकतील, डोळे पुसतील, घरी जातील. अठ्ठावन्न वर्षं तेच चाललंय."

"तुम्ही मागे थांबला होतात."

"थांबले होते. वास ओळखीचा वाटला, म्हणून बसले."

"कोणी आत आलं?"

"कोणीही नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं.

घरी येऊन वही मिटते तोच सुपडूभाऊंचा फोन. ते सहसा आवाज चढवत नाहीत, पण त्या वेळी चढला होता.

"प्रमिलाअक्का, नववा डबा उघाडा मी. अंगाई आठे शे. चिठ्ठ्या उलट्या लागेल शेतस. पाचवा डबामा नववं रीळ व्हतं. जे गयं ते गाणं नहीच."

४

नवव्या रिळात काय होतं, ते मी सुपडूभाऊंना आठवून सांगायला लावलं. घराबाहेर काढलेली जाई कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागते. पंधरावीस बायका रुई उचलतायत. मुकादम जाईवर ओरडतो, ती रडते. एक बाई तिच्या केसांतली रुई काढते. बस्स. गाणं नाही, मोठा नट नाही. टॉकीजमध्ये त्या वेळी लोक उठून बिडी ओढायला जायचे.

ते रीळ कोणाला हवं असेल?

एक शक्यता सरळ होती. चोराला अंगाई हवी होती, त्याने चिठ्ठी वाचून पाचवा डबा रिकामा केला आणि घरी जाऊन फसला. मग तो ललितच.

पण मग नवव्या डब्यावरची धूळ कोणी पुसली?

मी दोन्ही डबे डोळ्यांसमोर धरून बसले. चोराने दोन झाकणं उघडली. आधी पाचवं उघडून रीळ उचललं असेल तर नवव्याकडे जायचं कारण नाही. म्हणून आधी नववं उघडलं. फिल्मचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. त्यात अंगाई दिसली. ती हातात आलेली असताना परत ठेवून दिली. अंगाई पाचव्यात असायला हवी, ती नवव्यात निघाली, तर नववं पाचव्यात असणार. हा हिशेब करून पाचवा डबा उघडला आणि हवं ते नेलं.

म्हणजे ललित सुटला. त्याच्या हातात अंगाई आली असती तर त्याने सोडली नसती. सुपडूभाऊही सुटले. त्यांना तो भाग कापायलाच सांगितलं होतं. कापून पिशवीत टाकला असता तरी कोणी विचारलं नसतं.

तो भाग सिनेमात नकोच असलेला एक माणूस मात्र होता. शुक्रवारी मी पुन्हा जळगावला गेले.

"हो, मी कापायला सांगितलं," लखीचंद शेठ म्हणाले. "मग चोरीन कशाला? माझंच आहे ते."

मी निमंत्रणपत्रिका उचलून त्यांच्यापुढे धरली. "वरची ओळ वाचता?"

त्यांनी कागद नाकापर्यंत नेला, तिरपा केला, खाली ठेवला. "डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केलीय." जो माणूस पत्रिकेवरचं ठळक अक्षर वाचू शकत नाही, तो बोटभर फिल्मवरचं चित्र ओळखणार नाही. शेठ सुटले.

"तो भाग का कापायचा होता?"

त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा सारखा केला. "लांबतो."

"त्या बायका कोण होत्या?"

"आमच्या जिनिंगमधल्या मजूर. कोण लक्षात ठेवतं?" मग त्यांनी हिरव्या चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं. "तसंही, त्या बाईला जाऊनसुद्धा पंचावन्न वर्षं होतील."

मी पंधरावीस बायकांबद्दल विचारलं होतं. ते एकीबद्दल बोलत होते. वर्षसुद्धा त्यांना माहीत होतं.

बसमध्ये मी गुरुवारचं पान उघडलं. कोकिळाबाईंची साक्ष. 'लोक अंगाई ऐकायला येतात. येतील, ऐकतील.' गुरुवारी सकाळी अंगाई गेली असं चेलना समजत होती, सुपडूभाऊ, ललित, लखीचंद शेठ समजत होते, मी समजत होते. लोक रविवारी ती ऐकतील हे एकाच माणसाला ठाऊक होतं. ज्याने ती हातात घेऊन परत ठेवली होती.

५

शनिवारी सकाळी देवपूरचं दार उघडंच होतं. कोकिळाबाई खाटेवर बसल्या होत्या. शेजारी जुन्या नऊवारीत बांधलेलं गाठोडं, मोठ्या थाळीएवढं गोल.

"उशीर केलात, ताई," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गुरुवारीच ओळखाल."

"अंगाई आहे हे तुम्ही बोलून गेलात."

"बोलून गेले, मग कळलं. तुम्ही लिहून घेत होतात. आता हेही लिहा. चोरी मीच केली. मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही."

मी वही काढली नाही. त्यांनी हाताने खूण केली, काढा म्हणून. मग काढली.

"मी पोरकी नव्हते," त्या म्हणाल्या.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत त्या थांबल्या.

"बाप नव्हता. आई होती. भिकुबाई तिचं नाव. शेठच्याच जिनिंगमध्ये रुई उचलायची. मी तिच्याबरोबर जायची, तिथेच शेठनी मला पाहिलं. सिनेमा अर्धा झाला तेव्हा मुंबईहून कोणी तरी आला आणि म्हणाला, पोरगी खरीच अनाथ आहे असं छापा, लोक तुटून पडतील. शेठनी आईला बोलावलं. म्हणाले, एक वर्ष गप्प राहा, पोर माझ्या घरी राहील, शाळेत जाईल. आईने कागदावर अंगठा दिला. एक वर्ष म्हणाले होते. सिनेमा चालला. जो तो मला बघायला घरी यायचा. मग आई मागच्या दाराने यायची, मी भांडी घासायच्या मोरीपाशी तिला भेटायची. लखीचंद माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. कोणी येऊ नये म्हणून तो दारावर नजर ठेवायचा. चांगला मुलगा होता तेव्हा."

"आणि ते रीळ?"

"जिनिंगच्या सीनला खऱ्याच मजूर बायका घेतल्या होत्या. आईपण त्यांत. तिला बजावलं होतं, पोरीकडे बघायचं नाही. मुकादम माझ्यावर ओरडला. मला खोटं रडायचं होतं, पण मी खरीच रडले. तेव्हा ती उठली. माझ्या केसांतली रुई काढली. कोणी सांगितलं नव्हतं. डायरेक्टरला आवडलं, त्याने ठेवलं." त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला. "तिचा फोटो नाही, ताई. एकही नाही. रुईची धूळ छातीत बसून ती गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मला जाऊ दिलं नाही. अनाथ पोर कोणाच्या मातीला जाणार?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"शेठ वाईट होते असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "जेवू घातलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. पण पोरकी मला त्यांनीच केलं. मंगळवारी मी खिडकीपाशी बसले होते आणि त्यांचा मुलगा माझ्यादेखत सांगत होता, जिनिंगचा भाग कापून टाक. मी तिथे आहे हे त्याला माहीत होतं. तरी बोलला. मग मी नेलं."

"उद्या काय करणार?"

"रीळ घेऊन येणार. ते लावायचं, पुरं लावायचं. आणि ती 'अनाथ'ची ओळ कुठे दिसली तर मी रीळ घेऊन परत धुळ्याला. पोलीस बोलवायचे तर बोलवा. त्यांनाही हेच सांगेन."

६

चेलनाला मी फोनवर वहीतून वाचून दाखवलं, शब्दाला शब्द. मग फोन काकांकडे गेला.

"बाई," लखीचंद शेठ म्हणाले, "रीळ जुनं होतं, खराब झालं, असं तुम्ही सांगा. तुमचं लोक ऐकतील. वडिलांची अब्रू आहे."

"शेठ, एकतीस वर्षं मी लोक जे बोलले तेच उतरवलं. न्यायाधीश म्हणाले तरी शब्द बदलला नाही. तुमच्यासाठी बदलणार नाही."

रविवारी सभागृह भरलेलं होतं. मंचावर प्रेमराज शेठची तसबीर होती, हार होता. तिच्याखालचा 'अनाथ बालिके'च्या ओळीचा फलक चेलनाने स्वतः स्टुलावर चढून काढला. काका खालून म्हणत होते, "तुझे आजोबा आहेत ते." ती म्हणाली, "म्हणूनच तसबीर ठेवलीय."

कोकिळाबाई गाठोडं मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. मशीन एकच होतं, त्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि सुपडूभाऊ पुढचं चढवायचे. पाचव्याला अंगाई आली. लोकांनी डोळे पुसले. आठवं संपलं, दिवे लागले, आणि कोकिळाबाई उठल्या. गाठोडं सोडून रीळ सुपडूभाऊंच्या हातात दिलं आणि पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माईक घेतला नाही.

"मी जाई," त्या म्हणाल्या. "मी अनाथ आहे असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. आता एक बाई दिसेल, माझ्या केसांना हात लावेल." इथे त्यांची भाषा बदलली, घरची झाली. "हाई मनी माय शे. भिकुबाई नाव शे तिनं. नीट देखा."

मागून कोणी तरी म्हणालं, शेठनी एवढं केलं त्याचं हे फळ. लखीचंद शेठ काठी टेकत उठले. त्यांच्याबरोबर दोन रांगा उठल्या. कोकिळाबाई बाजूला झाल्या नाहीत. दार पडद्याजवळच होतं, जाणाऱ्यांना त्यांना वळसा घालून जावं लागलं.

दिवे गेले. जिनिंग दिसली, रुईचे ढीग, बायका. मुकादम ओरडला. पोरगी रडायला लागली. मागच्या ओळीतून एक किडकिडीत बाई उठली, डोक्यावरचा पदर घसरलेला. ती आली, पोरीच्या केसांतली रुई दोन बोटांनी काढली, एकदा, पुन्हा एकदा. मग तिने वर पाहिलं, थेट आमच्याकडे. चारपाच सेकंद. पुढचा सीन सुरू झाला.

रीळ संपलं. दिवे लागले. कोणी बिडीसाठी उठलं नाही. सुपडूभाऊ दहावं चढवायला वाकले.

"सुपडूभाऊ," कोकिळाबाई म्हणाल्या, "हेच पुन्हा लावा."

ते चेलनाकडे बघायला लागले. चेलनाने मान हलवली. रीळ उलटं गुंडाळायला सहा मिनिटं लागली आणि सभागृह सहा मिनिटं बसून राहिलं. दाराशी लखीचंद शेठ थांबले होते. बाहेर पडले नव्हते, आतही आले नव्हते. दिवे जाताना त्यांनी हिरवा चष्मा काढलेला मी पाहिला.

ती बाई पुन्हा उठली, पुन्हा आली.

रीळ दुसऱ्यांदा संपलं तेव्हा कोकिळाबाई मागे वळल्यासुद्धा नाहीत.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.